अवलंबून किती

फोनवरची मुलगी गोड बोलत होती. पुण्याहून बोलतेय म्हणाली, हा कॉल रेकॉर्ड होतोय, चालेल ना मॅडम, असंही तिने विचारलं. उज्वलाने चालेल म्हटलं. मग जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, नोकरीला किती वर्षं झाली, पगार हातात किती येतो, घर स्वतःचं की भाड्याचं. क्वार्टर आहे, नाशिकजवळ एकलहऱ्याला, पॉवर स्टेशनच्या कॉलनीत, उज्वला म्हणाली. मुलगी विचारत होती, ही सांगत होती, आणि दोघींच्या बोलण्याला शाळेत पाढे म्हणताना लागते तशी चाल लागली होती. "आणि मॅडम, तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती किती?" "एक," उज्वला म्हणाली. "मुलगी. अकरावीला आहे." फोनवरच्या मुलीने थँक्यू म्हटलं, दोन दिवसांत मेसेज येईल म्हटलं आणि फोन बंद झाला. मोबाइल कानापासून खाली घेतला तेव्हा कुठे उज्वलाचं लक्ष समोर गेलं. दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात पाय सोडून, तिची सासू मेथी निवडत बसली होती. चार हातांवर.

सिंधुबाईंचे हात चालूच होते. पानं एका बाजूला, देठं दुसऱ्या बाजूला. मान खाली. त्यांनी ऐकलं असेल का, हे त्या हातांकडे बघून कळण्यासारखं नव्हतं. हात थबकले असते तर कळलं असतं. कदाचित थबकलेही असतील, तेव्हा आपण बघत नव्हतो, असं उज्वलाला वाटलं. "कोनाचा फोन व्हता?" सिंधुबाईंनी विचारलं. "बँकेचा. कार्डाची लिमिट वाढवून देणार आहेत." "बरं हाय," सिंधुबाई म्हणाल्या आणि देठं पदरात गोळा करून गाईला टाकायला बाहेर गेल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. उज्वला खुर्चीवर बसून राहिली. घशात तो शब्द अजून होता. किती सहज निघाला होता तो. अडखळला नाही, विचारून आला नाही. आधीपासून तयार होऊन ओठांमागे उभा असल्यासारखा.

शब्द छायाने दिला होता, हे खरं. छाया तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची, स्टोअर सेक्शनला, आणि बँकांचे फॉर्म भरण्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कँटीनबाहेर क्रेडिट कार्डवाल्यांनी टेबल मांडलं होतं, तेव्हा दोघींनी बरोबरच कार्डं घेतली. छायाला पंचवीस हजारांचं मिळालं, उज्वलाला बारा हजारांचं. नवरा-बायको दोघं कमावते असले की जास्त देतात, छाया म्हणाली होती, आणि म्हटल्यावर जीभ चावली होती. उज्वलाला त्याचं फारसं वाटलं नव्हतं. तिला ते कार्डच आवडलं होतं. त्यावर तिचं नाव उठावदार अक्षरात होतं, बोटाने चाचपता येणारं. तोवर तिचं नाव जिथे जिथे आलं होतं, तिथे त्याच्या मागेपुढे कोणीतरी होतं: कै. जीवन यांची पत्नी, कै. जीवन यांच्या जागी. इथे नुसती ती होती. दोन वर्षांत तिने ते फार वापरलंही नाही. दिवाळीला दिशाचा ड्रेस, एकदा प्रेशर कुकर. आणि मग गेल्या महिन्यात ती दिशाला घेऊन कॉलेज रोडला कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दिशाने मागितला नव्हता. दिशा कधी काही मागत नाही, आणि हेच उज्वलाला सहन होत नसे. अठ्ठावीस हजारांचा कॉम्प्युटर. बारा हजार कार्डावर आणि बाकीचे हप्त्याने असं काहीतरी तिने डोक्यात मांडलं होतं. पण दुकानदाराला समजलं नाही, की तिला सांगता आलं नाही, त्याने सगळ्याच रकमेसाठी कार्ड यंत्रातून ओढलं. यंत्र किरकिरलं. "मॅडम, एवढी लिमिट नाहीये," तो हळू आवाजात म्हणाला. तो मोठ्याने बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने दया केल्यासारखं कार्ड दोन बोटांत धरून परत दिलं आणि दिशा लगेच म्हणाली, मम्मी, चल ना, मला भूक लागलीय. सोळा वर्षांची पोर. भूकबीक काही नव्हती तिला. पाणीपुरी समोर आली तर दोन खाऊन उरलेल्या तिने आईकडे सरकवल्या. दुसऱ्या दिवशी छायाने अर्ज मागवला आणि पेन हातात घेऊन म्हणाली, "हे बघ उज्वला, डिपेंडंट जेवढे कमी तेवढं बरं. सासूबाईंना कशाला लिहितेस? त्यांना अजून एक मुलगा आहे ना?" उज्वला म्हणाली, राहू दे तो रकाना, नंतर बघू. तो रकाना कोराच गेला. म्हणून बहुतेक हा फोन आला होता.

त्यांना अजून एक मुलगा आहे ना. हे वाक्य छायाने सहज म्हटलं. तिला काय माहीत. महेश आहे, पण नामपूरला आहे, आणि तो नामपूरला का आहे, हे उज्वलाच्या घरात सात वर्षांत कोणी बोललेलं नव्हतं. जीवन गेला तेव्हा महेश चोवीस वर्षांचा होता. आयटीआय झालेला, वायरमनचा ट्रेड, नाशिकरोडला कुठे कुठे फिटिंगची कामं करायचा. सेकंड शिफ्ट संपवून येताना सामनगावच्या रस्त्यावर भावाची स्कूटर घसरल्याचा निरोप मिळताच तोच सगळ्यांच्या आधी दवाखान्यात पोचला होता, आणि तेराव्यानंतर पॉवर स्टेशनच्या ऑफिसातला साहेब घरी आला तेव्हा तोच पुढे होऊन बोलला होता. साहेब म्हणाला, घरातल्या एकाला नोकरी मिळू शकते, तुम्ही आपसांत ठरवा. आपसांत ठरवायचं असं काही नव्हतंच. सगळ्यांनी धरून चाललं होतं की महेशच. त्याच्या हाताला कामच तिथलं होतं. उज्वलाने दहावी केली होती आणि दहा वर्षं पोळ्या लाटल्या होत्या. तिने स्वतःही तेच धरलं होतं. दीर सांभाळेल, दिराचं लग्न होईल, मग जाऊबाई ठेवेल तसं राहायचं, दिशाला शिकू दिलं तर शिकवायचं. हे सगळं तिने मनात एकदा ओळीने उभं करून पाहिलं होतं आणि त्या ओळीच्या शेवटी तिला स्वतःचं तोंड दिसलं नव्हतं.

मग तो दिवस. सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टाच्या भिंतीला लागून टाइपरायटरवाले बसतात, तिथे. स्टँपपेपरवाल्याने विचारलं, ना-हरकत कोणाची, नोकरी कोणाला. महेश पुढे झाला. सिंधुबाई म्हणाल्या, "नोकरी हिला." टाइपरायटरवर बोटं ठेवलेला माणूस थांबला. "आजी, तरणा मुलगा असताना सुनेला?" सिंधुबाई म्हणाल्या, "पोरगी हिची हाय." तेवढंच. पुढे त्यांनी कोणालाच, कधीच, त्याचं कारण सांगितलं नाही. महेश आईकडे बघत राहिला, मग वळला आणि रस्ता ओलांडून गेला. त्या उन्हात त्याचा पांढरा शर्ट गर्दीत जाईपर्यंत दिसत होता. सिंधुबाईंनी त्याच्या मागे पाहिलं नाही. त्या सही करत होत्या. त्यांना सही शिकायला फार कष्ट पडले होते आणि एक एक अक्षर त्या लुगड्याला टाके घालावेत तसं घालत होत्या. मग उज्वलाची सही. तिच्या कागदावर लिहिलेलं होतं की मी मयताच्या आईचा आजन्म सांभाळ करीन, न केल्यास नोकरीवरून कमी करण्यास माझी हरकत राहणार नाही. ते तिने वाचलं होतं, आणि वाचून हसू आलं होतं. हे लिहून घ्यायला हवं का, असं. महेश आधी नाशिकरोडलाच कुठे तरी राहिला, मग आईच्या माहेरी, नामपूरला गेला, कांद्याच्या मार्केटात तोलाईला लागला. तिथेच लग्न केलं. बोलावणं आलं नाही.

आणि आता पुण्याच्या कुठल्यातरी इमारतीत आपला आवाज ठेवलेला आहे, उज्वलाला वाटत होतं. एक. मुलगी. अकरावीला आहे. कोणीतरी बटण दाबलं की तो पुन्हा म्हणेल. रविवारी सकाळी केस धुताना, कपडे आत घेताना, त्यांच्यावरची पॉवर स्टेशनच्या चिमणीची राख झटकताना, तिला तो ऐकू येत राहिला, आणि दर वेळी तो थोडा जास्त ठाम वाटला. फॉर्मसाठी म्हटलं, असं ती स्वतःला सांगे. पण खरंच फॉर्मसाठी का? मग तिला आठवलं की गेल्या पावसाळ्यात सिंधुबाई आठ दिवस तापाने पडल्या होत्या, तेव्हा स्वयंपाकघरात एकटीने उभं राहताना, कोणाच्याही खोकल्याशिवाय, तोंडातल्या तोंडातल्या अभंगाशिवाय, स्टीलचा पेला ओट्यावर आपटल्याशिवाय चहा पिताना, तिला घर कसं वाटलं होतं. मोकळं वाटलं होतं. अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात तिने कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, नुसता चहा प्याला होता; पण तो शब्द तिथूनच आला असणार. छायाने त्याला फक्त निमित्त दिलं. सिंधुबाई बाहेरच्या खोलीत दिशाच्या वह्यांना कव्हरं घालत बसल्या होत्या. त्या दिवशी त्या दोन-तीनदाच बोलल्या. एरवीही त्या फार बोलत नसत, पण उज्वला ते मोजत नसे.

सोमवारी डबा खाऊन झाल्यावर छाया हात धुवायला गेली तेव्हा उज्वलाने कार्डाच्या मागचा नंबर फिरवला. मराठीसाठी दोन, माहितीसाठी चार, वाट बघा. खूप वेळ बासरी वाजत राहिली. मग एक माणूस आला, सभ्य, थोडा दमलेला. उज्वला म्हणाली, माझ्याकडून शनिवारी एक चूक झाली, अवलंबून व्यक्ती मी एक सांगितली, दोन आहेत. माझ्या सासूबाईही आहेत. हे बोलताना तिला छाती हलकी होत गेल्यासारखी वाटली. त्याने काही तरी बडवलं, की-बोर्डचा आवाज आला. "मॅडम, तुमची लिमिट चाळीस हजार मंजूर झालेली दिसतेय. आज-उद्यात मेसेज येईल. आता हे बदललं तर अर्ज परत तपासणीला जाईल. पुन्हा तेवढीच मिळेल असं मला सांगता येणार नाही." तो थांबला. "बदलू का?" खिडकीबाहेर कूलिंग टॉवरमधून वाफ निघत होती, सावकाश, एका अंगाला झुकत. तिला दुकानातली ती दोन बोटं दिसली, दिशा पाणीपुरी सरकवताना दिसली. तिला असंही वाटलं की हा माणूस आता काहीतरी बोलेल, तिच्या वतीने ठरवून टाकेल. पलीकडे तो नुसता तिच्या उत्तराची वाट बघत होता. "राहू द्या," उज्वला म्हणाली. "ठीक आहे मॅडम. आणखी काही मदत करू शकतो?" नाही, ती म्हणाली. छाया रुमालाला हात पुसत आली आणि म्हणाली, काय गं, तोंड का उतरलंय? उज्वला म्हणाली, अ‍ॅसिडिटी.

पहिला शब्द निसटला होता. हा तिने हातात घेऊन, उलटासुलटा करून, मग ठेवला होता. ऑफिसच्या बसमधून कॉलनीत उतरून चालताना ती हाच फरक मनात घोळवत होती, तो काही कमी करता येतो का म्हणून. घरी आली तर सिंधुबाईंनी आपली कापडी पिशवी खुंटीवरून काढून कॉटवर ठेवली होती आणि त्यात एक लुगडं घडी घालून ठेवत होत्या. "मी म्हनते जरा नामपूरला जाऊन यावं," त्या म्हणाल्या. उज्वलाच्या हातातली पर्स तशीच राहिली. सात वर्षांत सिंधुबाई नामपूरला गेल्या नव्हत्या. "का? अचानक?" "अचानक काय त्यात. माझं माहेर हाय ते. पंध्रा दिस ऱ्हाईन." त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. पिशवीचा बंद ओढत होत्या, पुन्हा सैल करत होत्या. "आई, काही झालंय का?" "काय व्हायचंय? दिशाला भाकरी येते आता, तुझी अडचन न्हाई व्हनार." अडचण हा शब्द उज्वलाच्या कानात कितीतरी वेळ राहिला. त्या संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला. अभिनंदन, तुमची नवी मर्यादा चाळीस हजार. तिने तो दिशालाही दाखवला नाही.

बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सासूला गाडीत बसवून द्यायला निघाली. सटाण्याची एसटी नाशिकला द्वारका सर्कलपाशी मिळते, पुढे नामपूरला गाड्या असतात. चौकात चारी बाजूंनी ट्रक, रिक्षा, काळ्यापिवळ्या जीपा. धुळे, मालेगाव, मालेगाव, असं ओरडणारे क्लीनर. एका बंद शटरच्या पायरीवर सावली होती, तिथे तिने सिंधुबाईंना बसवलं आणि शेजारी टेकली. द्राक्षांच्या क्रेट घेऊन एक टेंपो गेला, त्याच्यामागे आंबूस वास. सिंधुबाईंनी केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता. लुगडं त्यांचं चांगल्यातलं होतं, हिरवं. उज्वलाला वाटलं, हे आपण आत्ता बोललो नाही तर या बाईला अडचण म्हणून घराबाहेर काढल्यासारखं होईल. पाच दिवस तो शब्द छातीत घेऊन ती ऑफिसला गेली होती, पोळ्या लाटल्या होत्या, हसली होती. आता तो तिथे मावत नव्हता.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी बँकेच्या फोनवर मी चुकीचं बोलले. त्यांनी विचारलं, तुमच्यावर अवलंबून किती माणसं. मी एक म्हटलं. दिशाचंच नाव घेतलं. तुम्ही समोर बसला होतात. मनात काही नव्हतं हो माझ्या. छाया म्हणाली होती, कमी सांगितले की जास्त मिळतात, म्हणून. तुम्ही ऐकलंत, माहीतेय मला. त्यासाठी जाऊ नका तुम्ही."

सिंधुबाई तिच्याकडे वळल्या. त्यांचे डोळे अगोदरच बारीक होते, उन्हाने आणखी बारीक झाले होते. त्या बघत राहिल्या, एखाद्याने पत्ता विचारावा आणि आपल्याला तो माहीत नसावा तशा.

"माले ते काहीच ऐकू नही उनं," त्या म्हणाल्या.

सासरी आल्यापासून चाळीस वर्षं सिंधुबाईंनी माहेरची बोली तोंडातून काढली नव्हती. जीवनचं प्रेत आणून अंगणात खाली ठेवलं तेव्हा एकदा निघाली होती, आणि आत्ता. उज्वलाला त्या वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला नाही, तरी ते आत जायला लागला.

"ह्या कानाने कमी येतं मला, दोन वर्सं झाली," सिंधुबाई पुन्हा आपल्या नेहमीच्या बोलण्यावर आल्या, सावकाश, एक एक शब्द शोधत. "मेथी निवडत व्हते. बँकेचा फोन म्हनालीस, लिमिट का काय ते वाढवनार, म्हनून बरं हाय म्हनलं."

"मग नामपूरला..."

"महेशनं बोलावलं. तीन नंबरच्या क्वार्टरमधल्या गोजराबाईच्या फोनवर केला व्हता त्यानं. पोरीचं जावळ हाय रविवारी. म्हनला, आई, ये." त्यांनी पदराने ओठांच्या कडा पुसल्या. "तुला वाईट वाटंल म्हनून न्हाई सांगितलं. तुझ्या नोकरीवरून गेला ना तो. आता बोलावतो म्हनल्यावर तुला वाटायचं, जुनं उकरतील. म्हनून म्हनलं, जाऊन आल्यावर सांगावं."

उज्वलाने त्यांच्या पिशवीकडे पाहिलं. ही बाई गेले तीन दिवस आनंद लपवत होती. तोंड फिरवत होती ती त्यासाठी. पिशवीचा बंद ओढत होती ती त्यासाठी. आणि आपण तिला चौकात, धुळीत, गाडीची वाट बघताना धरून, आपलं ओझं उतरवून घ्यायला, जे तिच्यापर्यंत कधीच पोचलं नव्हतं ते तिच्या ओंजळीत ठेवलं. तिने पूर्ण सांगितलंही नव्हतं. सोमवारचा फोन तिने सांगितला नव्हता. तो अजूनही तिच्याजवळ होता. म्हणजे ओझंही धड उतरलं नाही.

"एक म्हनालीस," सिंधुबाई म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. मग मान हलवली. "बरोबर हाय. कागदाला तसंच लागत आसंल." सटाण्याची गाडी आली. उज्वलाने घाईघाईने पिशवी उचलली, दाराशी गर्दी झाली, तिने कोपरं लावून सासूला वर चढवलं, खिडकीची जागा धरून दिली. पाण्याची बाटली, शंभराच्या दोन नोटा. सिंधुबाईंनी बाटली घेतली, नोटांकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तुला लागतील." उज्वलाने त्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. गाडी सुटली. हिरवं लुगडं खिडकीत थोडा वेळ दिसलं. त्यांनी हात केला, नाही असं नाही. केला.

कॉम्प्युटर शनिवारी आला. दुकानदाराने या वेळी कार्ड पूर्ण हातात घेतलं, यंत्रातून चिठ्ठी निघाली, उज्वलाने सही केली. बाहेरच्या खोलीत भिंतीशी टेबल लावलं, त्यासाठी कॉट हातभर पुढे ओढावी लागली. दिशाने पहिल्यांदा स्वतःहून आईच्या गळ्यात हात टाकले. तिच्या केसांचा वास घेताना उज्वलाला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, आणि तेच तिला सहन होईना. पुढच्या आठवड्यात एकदा तिने गोजराबाईंच्या इथून नंबर घेऊन नामपूरला फोन लावला. महेशने उचलला. सात वर्षांनी त्याचा आवाज. "वहिनी, आई मजेत हे," तो म्हणाला. "जावळ झालं. पोरीला सोडत नाय ती." थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही कशा हाय?" तिने बरी आहे म्हटलं. आणखी बोलावं असं दोघांनाही वाटत होतं, पण फोनवर ट्रकचे आवाज फार येत होते. ठेवताना तिला वाटलं, आई आता तिथेच राहतील. त्यात स्वतःची भीती किती आणि आशा किती, हे तिने तपासून पाहिलं नाही.

पंधराव्या दिवशी सिंधुबाई आल्या. ठरल्याप्रमाणे. कांद्याची एक गोणी, नातीच्या जावळाचे लाडू, आणि महेशने दिशासाठी दिलेली निळी वही. आल्या आल्या त्यांनी हातपाय धुतले, लाडू देवापुढे ठेवले, नातीचं नाव काय ठेवलं, ती कोणासारखी दिसते, महेशचं पोट कसं सुटलंय, हे सगळं सांगितलं. दिशाने कॉम्प्युटर लावून दाखवला. त्यांनी तो लांबून पाहिला, छान हाय म्हणाल्या. उज्वला त्यांच्या तोंडाकडे बघत होती. राग नव्हता. रुसवा नव्हता. मनातून काही काढून टाकल्याचं किंवा धरून ठेवल्याचं काही दिसत नव्हतं. तिचे खांदे सैल झाले. तिला वाटलं, झालं, इतकंच होतं, आपण उगीच.

मार्च लागला होता. दुपारी खोली तापली. सिंधुबाई कॉटवर बसल्या, कपाळाचा घाम पदराने टिपला. पंख्याचं बटण त्यांच्या डोक्यावर होतं. हात वर केला की लागेल एवढं. सतरा वर्षं त्यांनी या घरात दिवे लावले होते, नळ सोडले होते, दिशाच्या पाठीत धपाटा घातला होता, उज्वलाच्या भाजीत न विचारता मीठ टाकलं होतं. त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"उज्वला," त्या म्हणाल्या, "पंखा लावला तर चालंल का गं?"